एवढ्या पावसातही जमीन धुतली का जात नाही?

मलकापूर सोडून आंब्याच्या रस्त्याला लागलं की जून ते सप्टेंबर पाऊस म्हणजे काय ते कळतं. कपडे वाळत नाहीत, भिंतींना शेवाळ धरतं, ओढे रस्त्यावर येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याच्या या पश्चिम भागात वाढलेल्या माणसाला सांगा, की अमुक ठिकाणचा रसायनांचा कारखाना तीस वर्षांपूर्वी बंद पडला, पण शेजारच्या विहिरीचं पाणी आजही पिता येत नाही. तो पहिल्यांदा हेच विचारेल, ‘‘तीस पावसाळे गेले की! अजून धुऊन कसं गेलं नाही?’’

प्रश्न रास्त आहे. ओढ्यात काही पडलं तर पुराच्या पाण्याबरोबर चार दिवसांत निघून जातं, हे तो लहानपणापासून बघत आलाय. मग जमिनीत पडलेलं का जात नाही?

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे ‘एच-आम्ल’ बनवणारे कारखाने निघाले. कापडाच्या रंगांसाठी लागणारं हे रसायन. उत्पादन चाललं जेमतेम दोनेक वर्षं. तेवढ्यात सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ तयार झाला आणि तो आवारात नि आसपास उघड्यावर टाकला गेला. पाऊस पडला, गाळातलं पाणी मुरलं आणि भोवतालच्या विहिरींचं पाणी काळपट तांबूस झालं. कारखान्यांना टाळं लागलं, तरी विहिरी सुधारल्या नाहीत. बिछडीत शाहूवाडीच्या मानाने पाऊस फारच कमी. पण तेवढ्याही पावसाने गाळ धुऊन काढण्याऐवजी तो खाली उतरवला. शाहूवाडीसारख्या ठिकाणी हे काम आणखी झपाट्याने झालं असतं.

तेलाचं मडकं

जमिनीखालचं पाणी तळ्यासारखं एका जागी साठलेलं नसतं. ते मातीच्या कणांमधल्या जागेत आणि खडकाच्या भेगांत असतं. या जागा दोन तऱ्हेच्या. काही मोठ्या, त्यांतून पाणी वाहतं. विहिरीला जे झरे लागतात ते यांचेच. आणि काही अतिसूक्ष्म, चिकणमातीच्या कणाकणांतल्या किंवा दगडाच्या अंगातल्या. यांतही पाणी असतं, पण ते जवळपास हलतच नाही.

वर्षानुवर्षं तेल ठेवलेलं मातीचं मडकं घ्या. राखेने घासा, कढत पाण्याने धुवा. लगेच पाणी भरून लगेच चाखलंत तर काही जाणवणार नाही. तेच पाणी रात्रभर ठेवा. सकाळी वास येतो, वर बारीक तवंग दिसतो. तेल मडक्याच्या भिंतीत मुरलेलं असतं आणि धुणं फक्त आतल्या पृष्ठभागापर्यंत पोचतं.

कारखान्याखालच्या जमिनीत हेच घडतं. रसायन पहिल्यांदा मोठ्या भेगांतून खाली जातं. तिथे त्याचं प्रमाण जास्त आणि बाजूच्या चिकणमातीत, दगडाच्या अंगात शून्य. म्हणून ते जास्तीकडून कमीकडे, म्हणजे भेगेतून भिंतीत, हळूहळू शिरत राहतं. शास्त्रात याला विसरण म्हणतात. कारखाना वीस वर्षं चालला तर वीस वर्षं हे शिरणं चालू असतं. मग कारखाना बंद होतो, पाऊस भेगा धुऊन काढतो आणि भेगेतलं पाणी स्वच्छ होतं. आता उलटं घडायला लागतं, कारण जास्त प्रमाण भिंतीत आहे. तिथलं रसायन थेंबाथेंबाने परत भेगेत यायला लागतं. शिवाय ते भिंतीत दोन्ही दिशांना पसरत असतं, काही बाहेर आणि काही अजून आत. त्यामुळे आत शिरायला जितका वेळ लागला त्यापेक्षा बाहेर यायला कितीतरी जास्त लागतो.

तीस पावसाळ्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. पावसाने विहिरीचं पाणी दर वर्षी बदललं असेल, पण भिंत तीच राहिली.

प्रत्येक विषाची चाल वेगळी

उरलेलं अर्धं उत्तर रसायनाच्या स्वभावात आहे. काही द्रव्यं पाण्यात सहज विरघळतात आणि पाणी जाईल तिथे जातात. कातडी कमावण्याच्या आणि मुलामा देण्याच्या उद्योगांशी जोडलेलं क्रोमियम त्याच्या विषारी, पिवळ्या रूपात असंच वागतं. तमिळनाडूतल्या राणीपेटला एका बंद क्रोमेट कारखान्याच्या मागे दीड लाख टनांच्या आसपास गाळ साठून राहिला आणि त्याखालचं पाणी पिवळं झालं. पारा, शिसं, एचसीएचसारखी जुनी कीटकनाशकं मातीला चिकटून बसतात, फार लांब जात नाहीत, पण दशकानुदशकं हलतही नाहीत. डिझेल-पेट्रोल भूजलाच्या पातळीवर तरंगतं. पावसाळ्यात पातळी चढली की ते वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं आणि जाता-येता मधल्या सगळ्या मातीला माखून ठेवतं.

सगळ्यांत कपटी म्हणायचं तर ट्रायक्लोरोएथिलीन आणि त्याच्या भावंडांना. यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल काढायला हे द्रावक जगभर वापरलं गेलं. ते पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड आहे, पाण्यात फारसं विरघळत नाही आणि पाण्याहून पातळ आहे. सांडलं की भूजलाच्या पातळीवर न थांबता ते थेट खाली बुडतं. अभेद्य थर लागेपर्यंत भेगाभेगांतून उतरत जातं आणि तिथे थारोळं करून बसतं. मग थोडं थोडं विरघळत राहतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात याची मर्यादा लिटरमागे पाच मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आता हिशेब करा. एक लिटर ट्रायक्लोरोएथिलीनचं वजन सुमारे १.४६ किलो. ते पूर्ण विरघळलं तर २९ कोटी लिटर पाणी मर्यादेवर नेऊन ठेवतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते पावणेदोन लाख लिटरांच्या आसपास भरतं. अशा सोळाशेहून जास्त विहिरी एका बाटलीत!

म्हणून ‘‘फारसं काही सांडलेलं नव्हतं’’ या वाक्याला या विषयात अर्थ नसतो.

शाहूवाडीच्या पायाखाली काय आहे?

शाहूवाडी हा रसायन कारखान्यांचा तालुका नाही. ऊस, भात, जंगल, देवराया आणि डोंगरमाथ्यावर बॉक्साइट, असा हा मुलूख. तरीही इथल्या जमिनीत विष कसं चालेल हे समजून घेण्यासारखं आहे. एक तर कडवी आणि कासारी इथे उगम पावतात. कासारीचं पाणी पुढे पंचगंगेत जातं आणि कडवीचं वारणेत. इथे जमिनीत मुरलेलं खालच्या कित्येक गावांपर्यंत पोचू शकतं. दुसरं म्हणजे दूषित जागा व्हायला मोठा कारखानाच लागतो असं नाही. हमरस्त्यावरच्या जुन्या पेट्रोल पंपाची गळकी भूमिगत टाकी किंवा कीटकनाशकांचं पडीक गोदाम एवढंही पुरतं.

डोंगरमाथ्याच्या सड्यावर जांभा आहे. हा दगड भोकाभोकांचा. पाऊस त्यातून भराभर खाली जातो, म्हणून सड्यावर चार महिने पाणी आणि आठ महिने रखरख. जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर असतो आणि त्याखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. वरून आलेलं पाणी चिकणमातीला अडतं, आडवं वळतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. डोंगरातल्या अनेक वाड्यांची तहान अशाच झऱ्यांवर भागते. सड्यावर एखादं रसायन सांडलं तर ते कुठे उगवेल हे त्यामुळे बऱ्यापैकी सांगता येतं. जांभ्याचा एक गुणही सांगायला हवा. त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असतात आणि ती आर्सेनिकसारख्या काही द्रव्यांना धरून ठेवतात. खरगपूरच्या आयआयटीने याच गुणावर जांभ्याची आर्सेनिक-गाळणी बनवली आहे. द्रावकांना मात्र जांभा अडवत नाही.

खाली खोऱ्यात, बांबवडे-मलकापूरकडे, विहीर खणली की आधी माती, मग मुरूम, मग कातळ लागतो. पाणी मुरुमात आणि कातळाच्या चिरांत. बेसाल्ट म्हणजे एकावर एक पसरलेल्या लाव्हांचे थर. दोन थरांच्या मध्ये कुठे लाल मातीची पट्टी, कुठे फुग्यांच्या भोकांनी भरलेला सच्छिद्र भाग, तर मधला गाभा घट्ट. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग याच दगडावर आहे. या दगडात पाणी सरळ रेषेत कधी जात नाही. एका विहिरीला भरपूर पाणी आणि पन्नास फुटांवरची बोअर कोरडी, हा अनुभव गावोगाव आहे. पाणाड्याचा धंदा त्याच्यावरच चालतो. विषाच्या बाबतीत हीच गोष्ट उलटी वाचायची. कारखान्याला लागून असलेली विहीर स्वच्छ निघेल आणि अर्ध्या मैलावरची एखादी खराब. जवळच्या विहिरीचं पाणी तपासून ‘‘सगळं ठीक आहे’’ असा दाखला देणं म्हणूनच फसवं ठरतं.

आधी शोधायचं, मग साफ करायचं

माझ्या मते या सगळ्या कामात शोध हाच नव्वद टक्के आहे, आणि त्याच्यावरच सगळ्यांत कमी पैसा खर्च करण्याची आपली सवय आहे.

शोध असा चालतो. कारखान्यात काय बनायचं, टाक्या कुठे होत्या, गटार कुठल्या बाजूला जायचं, कचरा कुठल्या खड्ड्यात पुरला, हे जुने नकाशे आणि जुने कामगार सांगतात. कागदापेक्षा कामगार जास्त भरवशाचे असतात. मग मातीत भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेतात. भूजलासाठी खास निरीक्षण विहिरी खोदतात. एकाच जागी तीन-चार, पण प्रत्येकीला पाणी वेगळ्या खोलीवरून. पाणी कुठल्या दिशेला वाहतंय हे कळायला किमान तीन विहिरी लागतात. तिघींतल्या पाण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजली की त्या तीन बिंदूंवरून उतार काढता येतो. वाळूच्या जमिनीत एवढं पुरतं. बेसाल्टमध्ये त्या उतारावर विसंबता येत नाही. तिथे एका विहिरीत निरुपद्रवी रंग सोडून तो कुठल्या झऱ्यात उगवतो ते बघावं लागतं.

शोधात चूक झाली की काय होतं ते भोपाळने दाखवलं आहे. १९८४च्या डिसेंबरातली वायुगळती सगळ्यांना माहीत आहे. पण युनियन कार्बाइडचा कारखाना १९६९पासून तिथे होता. ‘सेव्हिन’ आणि ‘सेव्हिडॉल’ ही कीटकनाशकं बनवताना निघालेला कचरा आवारात पुरला जात होता आणि सांडपाणी बाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत सोडलं जात होतं. म्हणजे गळतीची ती रात्र उजाडण्याआधीच जमीन नासायला लागली होती. नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, तिथे अनेक वर्षं काम केलं. संस्थेच्या सुरुवातीच्या अहवालांचा सूर भूजल सुरक्षित असल्याचा होता. १९९९मध्ये ग्रीनपीसने घेतलेल्या नमुन्यांत मातीत पारा आणि भूजलात कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं आढळली. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असा आदेश काढावा लागला. २०१०च्या सुमारास नीरीनेच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेबरोबर अभ्यास करून दूषित मातीचा अंदाज मांडला, सुमारे अकरा लाख टन.

दोन प्रामाणिक माणसंही दोन निष्कर्ष काढू शकतात, कारण भोक कुठे पाडलं, किती खोल पाडलं आणि प्रयोगशाळेला कोणतं द्रव्य शोधायला सांगितलं यावर उत्तर ठरतं. जे शोधायला सांगितलं नाही ते अहवालात येत नाही.

उपसा, जाळा, खाऊ घाला

सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे माती खणून न्यायची. विष मातीला चिकटणारं असेल, उथळ असेल, जागा लहान असेल तर हाच उत्तम. पण नेलेली माती कुठेतरी ठेवावी किंवा जाळावी लागते. भोपाळच्या आवारात पोत्यांत भरून ठेवलेला ३३७ टन कचरा गॅसकांडानंतर चाळीस वर्षांनी, २०२५च्या पहिल्या तारखेच्या रात्री, बारा बंद कंटेनरांतून पीथमपूरला निघाला. तिथल्या लोकांनी मोठा विरोध केला. जूनअखेर तो भट्टीत जाळून झाला. जाळताना निघणारे आम्लधर्मी वायू मारायला चुना वगैरे घालावा लागतो, त्यामुळे उरलेल्या राखेचं वजन मूळ कचऱ्यापेक्षा जास्त भरलं. आणि अशी राख पुन्हा पुरावीच लागते. अकरा लाख टनांच्या अंदाजाशेजारी हे ३३७ टन ठेवून बघा. दर सव्वातीन हजार टनांमागे एक टन हलला.

दुसरा उपाय पाणी उपसून शुद्ध करण्याचा. पंप लावा, पाणी वर आणा, कोळशाच्या गाळणीतून किंवा हवेच्या झोतातून काढा, सोडून द्या. अमेरिकेत १९८०च्या दशकात हाच राजमार्ग मानला गेला. पहिल्या दोन-तीन वर्षांत आकडे झपाट्याने उतरत, अधिकारी खूश होत. मग उतार मंदावे. पंप बंद केला की काही महिन्यांत प्रमाण पुन्हा चढे. मडक्याची भिंत! १९९४मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ठरवलेलं उद्दिष्ट गाठलेली ठिकाणं मोजकीच निघाली. उपसा अगदी वाया जात नाही. विषारी पाणी गावाकडे सरकू नये म्हणून ते खेचून धरायला त्याचा उपयोग होतो. पण त्याला साफसफाई म्हणू नये.

तिसरा मार्ग कोल्हापूरकराला ऐकायला गंमतीचा वाटेल. त्यात वापरतात मळी! साखर कारखान्याची मळी नदीत गेली की काय होतं हे पंचगंगेकाठी कुणाला सांगायला नको. पाण्यातले सूक्ष्मजीव त्या साखरेवर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे तडफडून मरतात. हाच प्रकार जमिनीखाली मुद्दाम घडवून आणतात. पातळ केलेली मळी नळ्यांमधून दूषित थरात सोडतात. तिथले सूक्ष्मजीव ती खातात, प्राणवायू संपतो, आणि मग तिथलं रसायनशास्त्रच पालटतं. पाण्यात विरघळणारं पिवळं, विषारी क्रोमियम प्राणवायू नसलेल्या त्या वातावरणात त्याच्या दुसऱ्या, कमी विषारी रूपात जातं. हे रूप पाण्यात जवळपास विरघळत नाही, मातीतच घट्ट बसून राहतं. क्रोमियम जमिनीतून गेलेलं नसतं, पण विहिरीत येणं थांबतं.

द्रावकांसाठी एक विशिष्ट जिवाणू आहे, डिहॅलोकॉकॉइडिस. आपण प्राणवायू घेतो तसा तो क्लोरीन जोडलेल्या रेणूंवर श्वास घेतो आणि एकेक क्लोरीन तोडून टाकतो. शेवटी उरतो निरुपद्रवी एथिलीन वायू. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७मध्ये तो वेगळा करून दाखवला. पण यात एक अडचण दडलेली आहे. वाटेत विनाइल क्लोराइड नावाची पायरी लागते आणि ती मूळ द्रव्यापेक्षा घातक, कर्करोगकारक आहे. जिवाणू पुरेसे नसले किंवा खाद्य मध्येच संपलं तर काम तिथेच अडकतं आणि पाणी आधीपेक्षा वाईट होतं. ‘‘आम्ही जिवाणू सोडले’’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर विनाइल क्लोराइडचे आकडे मागून घ्यावेत.

चौथा उपायही कोल्हापूरच्या ओळखीचा. बिडाचं ओतकाम लेथवर लावलं की जो चुरा पडतो तो. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठात रॉबर्ट गिलहॅम यांच्या लक्षात आलं, की लोखंडाच्या संपर्कात द्रावकांचे रेणू आपोआप मोडतात. लोखंड गंजता गंजता स्वतःचे इलेक्ट्रॉन देतं आणि क्लोरीन सुटून येतो. मग भूजल ज्या दिशेला वाहतं तिच्या आडवा चर खणायचा, तो लोखंडाच्या चुऱ्याने भरायचा आणि वरून माती टाकायची. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या गतीने भिंतीतून जातं आणि पलीकडे स्वच्छ निघतं. १९९६मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटीला अशी ४६ मीटर लांब आणि ७.३ मीटर खोल भिंत बसवली. तिथल्या जुन्या मुलाम्याच्या कारखान्यातून आलेलं क्रोमियम आणि ट्रायक्लोरोएथिलीन दोन्ही तिने अडवलं. अर्थात ती जमीन वाळूची. शाहूवाडीच्या कातळात आठ मीटर चर खणायचा म्हणजे सुरुंगच लावावे लागतील, आणि सुरुंगाने नव्या भेगा पडल्या तर विषाला नव्या वाटा मिळतील. मुरूम आणि मातीचा थर जाड असेल तिथेच ही भिंत शोभते.

चौकट : बेसाल्टच्या मुलखात काय चालतं?

मातीला चिकटणारं विष (पारा, शिसं, जुनी कीटकनाशकं) उथळ असेल तर खणून काढणं आणि वरून पाणी झिरपणार नाही असं झाकण घालणं बेसाल्टच्या मुलखातही जमतं. झाकणाच्या उताराकडे सगळ्यांत जास्त लक्ष हवं, कारण इथला पाऊस कुठलाही खड्डा सोडत नाही. विरघळणाऱ्या क्रोमियमसाठी मळीसारखं खाद्य सोडण्याचा प्रयोग करता येतो, पण मळी भेगांतून भलतीकडे जाऊ नये म्हणून आधी रंग सोडून वाट बघून घ्यावी लागते. डिझेल-पेट्रोलची गळती लवकर सापडली तर तरंगणारा थर उपसून घेता येतो आणि उरलेलं हवा खेळवली की सूक्ष्मजीव बरंचसं खातात. सगळ्यांत अवघड बुडणारी द्रावकं. कातळाच्या चिरांत खोल गेलेलं थारोळं पूर्ण बाहेर काढायचा खात्रीचा मार्ग आज जगात कुणाकडे नाही. तिथे गावाला दुसरीकडून पाणी देणं आणि विष पुढे सरकू न देणं, एवढंच हाती उरतं.

किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ?

शाहूवाडीच्या डोंगरमाथ्याशी भूगोलाने जुळणारं उदाहरण हवं असेल तर ते कोडाईकनालचं. अमेरिकेतल्या वॉटरटाउन इथून उचलून आणलेला थर्मामीटरचा कारखाना १९८४च्या सुमारास तिथे उभा राहिला. डोंगरधारेवर, खाली शोला जंगल, धो धो पाऊस. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. पाऱ्याने माखलेली फुटकी काच गावातल्या भंगारवाल्याच्या आवारात सापडल्यावर २००१च्या मार्चमध्ये कारखाना बंद झाला. २००३मध्ये पारायुक्त कचरा पुन्हा अमेरिकेला पाठवला गेला. उरला प्रश्न मातीचा.

माती धुऊन आणि तापवून पारा काढायचा हे ठरलं. पण कुठवर? किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली, आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी ती फार सैल असल्याचं सांगत वर्षानुवर्षं लढा दिला. सैल मर्यादेच्या बाजूने एक मुद्दा मांडला गेला. मर्यादा आणखी कडक केली तर जास्त माती खणावी लागेल, झाडं तोडावी लागतील, आणि उघड्या उतारावरची धूप झालेली माती पाऱ्यासकट जंगलात जाईल. हा मुद्दा सोयीचा आहे म्हणून खोटा ठरत नाही. सह्याद्रीचा उतार पाहिलेल्या कुणालाही तो पटेल. पण तो मांडणारा खर्च वाचवणारा पक्ष असेल तर आकडेमोड तिसऱ्याने करावी, हेही तितकंच खरं.

बिल कुणाच्या नावावर?

बिछडीच्या खटल्यात फेब्रुवारी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की ज्याने घाण केली त्याने निस्तरायची. नीरीच्या अहवालावरून साफसफाईचा खर्च ३७ कोटींच्या वर धरला गेला. कंपन्या अर्जामागून अर्ज करत राहिल्या. २०११मध्ये न्यायालयाने चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा आदेश दिला. पंधरा वर्षं निकालाच्या कागदावर गेली आणि तेवढ्या काळात भिंतीत मुरलेलं अजून आत गेलं.

जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. देशभरात अशी १०३ स्थळं ओळखली गेली होती, आणि काम सुरू झालं होतं फक्त ७ ठिकाणी. नव्या नियमांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज पडली तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जबाबदार माणूस सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर खर्च सरकार उचलणार. खाणकामातून झालेलं प्रदूषण या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलं आहे, त्यासाठी वेगळे कायदे आहेत. बॉक्साइट खणलेल्या या तालुक्याने ही ओळ लक्षपूर्वक वाचावी.

यादी गावपातळीवरून सुरू होते, त्यामुळे नमुना कसा घ्यायचा हे गावाला माहीत असणं उपयोगाचं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाणी तपासायला पाठवतो तेव्हा बहुधा रोगजंतू आणि क्षारांची तपासणी होते. द्रावकं, कीटकनाशकं किंवा क्रोमियम त्यात दिसत नाहीत, ती नाव घेऊन मागावी लागतात. धातूंसाठी नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घेऊन त्यात प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रिक आम्ल घालतात. फक्त पिवळं, विषारी क्रोमियम तपासायचं असेल तर आम्ल न घालता वेगळी बाटली द्यावी लागते. द्रावकांसाठी काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये, नाहीतर ते द्रव्य त्या बुडबुड्यात निघून जातं आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा येतो. कुप्या बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवायच्या. आणि नमुने वर्षातून दोनदा घ्यायचे. एकदा मे महिन्यात, पाणी सगळ्यांत खाली असताना, आणि एकदा ऑक्टोबरात, पावसाने सगळे थर भरल्यावर. दोन्ही वेळी त्याच विहिरी, तोच झरा.